काम ‘बाहेर’ दिलं म्हणजे नेमकं कुठे? आउटसोर्सिंग आणि ऑफशोरिंगमधला फरक

‘हे काम आम्ही बाहेर दिलंय,’ असं आपण सहज म्हणून जातो. पण या ‘बाहेर’चे दोन अर्थ आहेत. एक बाहेर म्हणजे कंपनीबाहेर: काम आपली माणसं करत नाहीत, दुसरी कंपनी करते. दुसरं बाहेर म्हणजे देशाबाहेर: काम सीमेपलीकडे होतं, मग ते करणारी माणसं आपल्या पगारपत्रकावर असोत वा नसोत. पहिलं आउटसोर्सिंग, दुसरं ऑफशोरिंग. बातम्यांत आणि बैठकांत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरले जातात. हा गोंधळ नुसत्या शब्दांचा असता तर मी त्यावर लिहायला बसलो नसतो. दुखणं एकाचं आणि औषध दुसऱ्याचं, असं त्यातून घडतं. त्याची किंमत कधी पैशांत मोजावी लागते, कधी माणसांच्या जिवात.

फरक ओळखायला दोन प्रश्न पुरतात. काम कोण करतं? आणि काम कुठे होतं? पहिल्याचं उत्तर बदललं की आउटसोर्सिंग, दुसऱ्याचं बदललं की ऑफशोरिंग. दोन्ही एकदम बदलू शकतात, पण बदललीच पाहिजेत असं नाही.

१९८९ साली कोडॅकने आपल्या संगणक विभागाचं मोठं काम आयबीएमकडे सोपवलं. एवढ्या मोठ्या कंपनीने आपली माहिती-यंत्रणा दुसऱ्याच्या हाती द्यावी याचं तेव्हा फार नवल वाटलं, आणि मग अनेक कंपन्या त्याच वाटेने गेल्या. पण यात काम देशाबाहेर गेलंच नव्हतं. अमेरिकी कंपनीचं काम दुसऱ्या अमेरिकी कंपनीने अमेरिकेतच करायचं होतं. ‘कोण’ बदललं, ‘कुठे’ जागच्या जागी राहिलं. त्याआधी चार वर्षं, १९८५ मध्ये, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बेंगळुरूत स्वतःचं संशोधन-विकास केंद्र उघडलं होतं. तिथले अभियंते कंपनीचेच, कामही कंपनीचंच. फक्त जागा हजारो मैल दूर. म्हणजे ‘कुठे’ बदललं, ‘कोण’ बदललं नाही. अशा केंद्राला पूर्वी कॅप्टिव्ह सेंटर म्हणायचे, आता जीसीसी म्हणजे ग्लोबल कॅपेबिलिटी सेंटर म्हणतात. तिथे नोकरी करणाऱ्याला ‘तू आउटसोर्सिंगमध्ये आहेस’ असं सांगणं सरळ चुकीचं आहे. आणि अ‍ॅपलचे फोन तैवानी फॉक्सकॉन चीनमधल्या कारखान्यांत जोडते, तिथे दोन्ही उत्तरं एकाच वेळी बदललेली असतात. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हेच तिसरं चित्र असतं, म्हणून दोन्ही शब्द एकच वाटू लागतात.

या दोन प्रश्नांमागचं अर्थशास्त्रही वेगळं आहे. ‘कुठे’मागे डेव्हिड रिकार्डो उभा आहे. प्रत्येक देशाने तुलनेने जे स्वस्तात जमतं ते करावं आणि बाकीचं व्यापारातून मिळवावं, हा विचार त्याने १८१७ मध्ये मांडला. ‘कोण’मागे रोनाल्ड कोस आहे. बाजारात सगळं विकत मिळत असताना कंपन्या असतातच कशाला, असा साधा वाटणारा प्रश्न त्याने १९३७ मध्ये विचारला. त्याचं उत्तर असं: बाजारातून काम करून घेण्यालाही खर्च येतो. योग्य माणूस शोधायचा, भाव ठरवायचा, करार लिहायचा, तो पाळला जातोय का हे बघत राहायचं. हा व्यवहारखर्च आतल्या कारभाराच्या खर्चाहून जास्त झाला की काम आत ठेवणं शहाणपणाचं. कोसला १९९१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, पण वेंडरची, म्हणजे बाहेरून काम करून देणाऱ्या कंपनीची, निवड होत असताना त्याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. कोटेशनमध्ये मजुरीचा दर ठळक असतो. देखरेखीचा खर्च कुणाच्याच रकान्यात नसतो.

राजकारणात या गोंधळाने काय होतं, हे २००४ मध्ये दिसलं. अमेरिकेच्या अध्यक्षांचे प्रमुख आर्थिक सल्लागार ग्रेगरी मॅनकिव यांनी आउटसोर्सिंग म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापाराचाच नवा प्रकार आहे, अशा अर्थाचं विधान केलं. निवडणुकीचं वर्ष होतं. त्यांच्याच पक्षातूनही टीका झाली. ते बोलत होते रिकार्डोच्या प्रश्नावर, म्हणजे ऑफशोरिंगवर. नोकरी गेलेल्या माणसाला काम शेजारच्या कंत्राटदाराकडे गेलं की परदेशात, यात फारसं अंतर दिसत नाही, हे खरं. पण धोरण ठरवणाऱ्याला ते दिसलंच पाहिजे. आयातकराने कंत्राटी पद्धत थांबत नाही, आणि कंत्राटी कामगारांच्या कायद्याने परदेशी स्थलांतर अडत नाही.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते बोइंग ७८७ च्या कहाणीने. या विमानाचं फक्त उत्पादनच नाही, तर रचनेचंही बरंचसं काम बोइंगने पुरवठादारांवर सोपवलं. पंख जपानमधून, धडाचे काही भाग इटलीतून, काही अमेरिकेतल्याच कंपन्यांकडून. हे मोठे भाग आतल्या जोडणीसह तयार येतील आणि बोइंग ते झटपट जुळवेल, अशी योजना होती. ८ जुलै २००७ रोजी थाटात अनावरण झालं, तेव्हा प्रेक्षकांसमोर उभं असलेलं विमान आतून जवळजवळ पोकळ होतं आणि बऱ्याच ठिकाणी तात्पुरते फास्टनर (भाग एकमेकांना जोडणारे खिळे-बोल्ट) लावलेले होते. पहिलं उड्डाण डिसेंबर २००९ मध्ये झालं. मे २००८ ला ग्राहकाच्या हाती जायचं विमान सप्टेंबर २०११ मध्ये गेलं.

‘एवढ्या देशांत काम वाटलं की असंच होणार,’ ही यावरची सोपी प्रतिक्रिया. पण अडचण आली ती फक्त दूरच्या भागांत नव्हती. धडाच्या मागच्या भागाचं काम करणारी व्हॉट ही कंपनी अमेरिकेतच, साउथ कॅरोलायनात होती. तिथेही काम रखडलं. २००९ मध्ये बोइंगने तो कारखानाच विकत घेतला. कारखाना जागचा हलला नाही, यंत्रंही तीच. बदलला तो मालक. म्हणजे दुखणं अंतराचं कमी आणि ‘कोण’चं जास्त होतं. रचना एकाची, जबाबदारी दुसऱ्याची, आणि तिसऱ्या-चौथ्या फळीतला पुरवठादार काय करतोय ते मूळ कंपनीला दिसत नव्हतं.

याचा इशारा घरातूनच मिळाला होता. जॉन हार्ट-स्मिथ या बोइंगच्याच अभियंत्याने २००१ मध्ये एका निबंधात लिहिलं होतं की काम बाहेर जातं तेव्हा नफाही बाहेर जातो, आणि पुरवठादारांना तांत्रिक मदत, गुणवत्ता-तपासणी, देखरेख पुरवण्याची तयारी नसेल तर मूळ कंपनी आपल्या सर्वांत कच्च्या पुरवठादाराहून वर उठू शकत नाही. हा निबंध वाचताना मला वाईट वाटतं. माहिती नव्हती म्हणून चूक झाली, असं इथे म्हणता येत नाही.

आउटसोर्सिंगचं खरं दुखणं हेच आहे: काम गेलं की कामाची समजही हळूहळू जाते. पहिल्या वर्षी वेंडरला सगळं समजावून सांगणारी माणसं आपल्याकडे असतात. तीन-चार वर्षांनी ती नोकरी सोडून गेलेली असतात, आणि करार नव्याने करायच्या वेळी समोरच्याने सांगितलेला खर्च रास्त आहे का, हे तपासण्याइतकी समज आपल्याकडे कुणालाच उरलेली नसते. एसएलए, म्हणजे सेवा कशी आणि किती वेळात द्यायची याचा करार, कितीही बारकाईने लिहिला तरी त्यात मोजता येतं तेवढंच बसतं. तक्रार चार तासांत बंद झाली, हे मोजता येतं. ती परत येऊ नये म्हणून कुणी मुळाशी गेलं का, हे मोजणं अवघड असतं. मी स्वतः समन्वयाच्या बाजूला बसून असे अहवाल पाहिले आहेत. सगळे रकाने हिरवे, आणि फोनवर ती सेवा वापरणारा माणूस मात्र हताश. तेव्हा वेंडर खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. आम्ही जे मोजायला सांगितलं होतं, तेच त्याने मोजलं.

काम परत आत आणायलाही मोल पडतं. जेपी मॉर्गन बँकेने डिसेंबर २००२ मध्ये आयबीएमशी सात वर्षांचा, सुमारे ५ अब्ज डॉलरचा करार केला. २००४ मध्ये ‘बँक वन’ ही दुसरी बँक तिच्यात विलीन झाली आणि त्याच वर्षी हा करार रद्द करून काम परत घेण्यात आलं. हजारो कर्मचारी बँकेतून आयबीएमकडे जाणार आणि मग परत बँकेत, एवढी उलथापालथ दोन वर्षांच्या आत. करारावर सह्या होतात तेव्हा बाहेर पडायच्या कलमाकडे सगळ्यांत कमी लक्ष असतं, असं माझं निरीक्षण आहे.

ऑफशोरिंगची दुखणी निराळी, आणि ती कंपनी स्वतःची असली तरी चुकत नाहीत. वेळेतला फरक, चलनाचे चढउतार, वाहतूक, तिथलं राजकारण. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलं, तेव्हा त्यामागे खोळंबलेल्या मालाला तो स्वतःच्या कारखान्यातून निघालाय की कंत्राटदाराच्या, याने काडीचाही फरक पडला नाही. स्वतःचं केंद्र परदेशात असेल तर शिवाय कराचा प्रश्न येतो. एकाच समूहातल्या दोन कंपन्यांनी एकमेकींना लावलेला भाव त्रयस्थाला लावला असता तसाच आहे ना, हे दोन्ही देशांची करखाती तपासतात. याला ट्रान्सफर प्रायसिंग म्हणतात, आणि यावरचे वाद वर्षानुवर्षं चालतात. स्थानिक वेंडर नेमणाऱ्या कंपनीला हे नावही ऐकायची वेळ येत नाही.

हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे सर्वांत स्वच्छ शब्दांत सांगितलंय ते युरोपच्या माहिती-संरक्षण कायद्याने, म्हणजे २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआरने. माहिती हाताळायला दुसरी कंपनी नेमली तर तिच्याशी करार कसा हवा, हे कलम २८ सांगतं. माहिती युरोपबाहेर जाणार असेल तर त्यासाठी पाचवं प्रकरण संपूर्ण वेगळं आहे. शेजारच्या गल्लीतला वेंडर नेमला तरी कलम २८ लागतं. स्वतःच्याच समूहातल्या परदेशी कंपनीकडे माहिती पाठवली तरी पाचवं प्रकरण लागतं. १६ जुलै २०२० रोजी युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने माहिती अमेरिकेत पाठवू देणारी ‘प्रायव्हसी शील्ड’ ही व्यवस्था रद्द ठरवली, तेव्हा एका दिवसात हजारो कंपन्यांचा आधार गेला. त्यांचे वेंडर कालचेच होते, त्यांच्याकडून काही चूकही झाली नव्हती. अशा वेळी नवा वेंडर शोधायला निघणं म्हणजे चुकीचं दार ठोठावणं. ते उत्तर कायद्याच्या सल्लागाराकडे किंवा सर्व्हर कुठे ठेवायचा या निर्णयात होतं.

दोन्ही गोष्टी एकत्र येतात तेव्हा जबाबदारी दोनदा लांब जाते: एकदा कंपनीच्या उंबरठ्यापलीकडे, एकदा देशाच्या कायद्यापलीकडे. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळच्या सावर इथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली. तिच्यात पाच कपड्यांचे कारखाने होते. किमान १,१३४ माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले होते. खालच्या मजल्यांवरची दुकानं आणि बँक बंद ठेवली गेली, शिलाई कामगारांना मात्र आत बोलावलं गेलं. ढिगाऱ्यात परदेशी ब्रँडांची लेबलं सापडली, आणि त्यांतल्या काहींनी आपलं काम तिथे होत होतं हे आपल्याला माहीतच नसल्याचं सांगितलं. मुख्य कंत्राटदाराने परस्पर दुसऱ्याकडे काम दिलं असेल तर ते खरंही असू शकतं. मला तेच जास्त भयंकर वाटतं.

त्यानंतर अनेकांनी सुचवलं की ब्रँडांनी बांगलादेश सोडावा. म्हणजे ‘कुठे’ बदलावं. कामगार संघटनांचं म्हणणं उलट होतं: काम नेऊ नका, जबाबदारी घ्या. मे २०१३ मध्ये ब्रँड आणि कामगारांचे जागतिक महासंघ यांच्यात पाच वर्षांचा, कायद्याने बंधनकारक करार झाला. पुढे २०० हून अधिक कंपन्या त्यात आल्या. स्वतंत्र अभियंत्यांनी हजाराहून जास्त कारखान्यांच्या इमारती, वीजजोडण्या आणि आगीपासूनची सुरक्षा तपासली आणि अहवाल जाहीर केले. दुरुस्तीसाठी पैसा उभा राहील याची जबाबदारी ब्रँडांवर आली, आणि धोकादायक इमारतीत पाऊल न टाकण्याचा हक्क कामगारांना लेखी मिळाला. कारखाने होते तिथेच राहिले, मालकही बहुतांश तेच राहिले. कागदावर नव्याने सही आली ती खरेदीदाराची.