इराणने नेमका कोणता करार मोडला?

मे २०१८ मधली बातमी होती, 'ट्रम्प करारातून बाहेर'. जून २०२५ मध्ये विचारलं जाऊ लागलं, 'इराण करारातून बाहेर पडणार?' हे दोन वेगळे करार आहेत. पहिला इराण आणि अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी यांच्यातला २०१५ चा इराण अणुकरार, दुसरा अण्वस्त्र प्रसारबंदी करार, म्हणजे एनपीटी. चॅनेलवरच्या चर्चांत दोन्हींची सर्रास खिचडी होते.

एनपीटी १९७० पासून लागू आहे आणि इराण त्यात शहाच्या काळापासून आहे. क्रांती झाली, राजवट बदलली, तरी सही कायम राहिली. अण्वस्त्र बनवायचं नाही, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांना हिशेब द्यायचा. बदल्यात अणुऊर्जेच्या शांततामय वापराचा हक्क. तेहरान उठसूट ज्या हक्काचा दाखला देतं तो इथल्या चौथ्या कलमातला. युरेनियम किती टक्क्यांपर्यंत समृद्ध करायचं, म्हणजे त्यातला वीज आणि बॉम्ब दोन्हींना लागणारा भाग किती वाढवायचा, याची मर्यादा मात्र या करारात नाही. (भारताने एनपीटीवर सहीच केलेली नाही, त्यामुळे 'भारताला चालतं, मग इराणला का नाही' हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही.)

टक्केवारी आली ती १४ जुलै २०१५ रोजी व्हिएन्नात झालेल्या अणुकरारात. समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांपर्यंत, साठा ३०० किलो, फोर्दो या इराणी अणुकेंद्रातलं डोंगराखालचं समृद्धीकरण १५ वर्षं बंद. बदल्यात निर्बंध सैल. त्यावर कोणाचीही सही नव्हती, अमेरिकी सिनेटची मंजुरीही नव्हती. म्हणून ट्रम्प यांना एका घोषणेत बाहेर पडता आलं. त्याची झळ आपल्यालाही बसली: अमेरिकी निर्बंधांमुळे मे २०१९ पासून भारताने इराणचं तेल घेणं थांबवलं.

या कराराचं खरं डोकं 'स्नॅपबॅक'मध्ये होतं. करारातल्या कोणीही इराणविरुद्ध तक्रार केली की ३० दिवसांचं घड्याळ सुरू. त्या मुदतीत सुरक्षा परिषदेने सवलती चालू ठेवण्याचा ठराव केला नाही, तर जुने निर्बंध आपोआप परत. म्हणजे नकाराधिकार वापरून निर्बंध अडवायची सोयच नाही. उलट सवलतींचा ठरावच त्याने पाडता येतो. रशियाने २०१५ मध्ये याला होकार कसा दिला, याचं मला अजून नवल वाटतं. २०२० मध्ये अमेरिकेने हे अस्त्र उगारलं, पण तुम्ही तर करार सोडलाय, असं म्हणत परिषदेतल्या बहुतेकांनी दाद दिली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीने तेच केलं आणि सप्टेंबरअखेर निर्बंध परतले.

मग इराणने मोडलं काय? २०२१ पासूनचं ६० टक्के समृद्धीकरण २०१५ च्या मर्यादेबाहेरचं, अर्थात अमेरिका बाहेर पडल्यानंतरचं. एनपीटीच्या बाजूचा आरोप वेगळा आहे: न कळवलेल्या ठिकाणी युरेनियमचे अंश सापडले आणि त्यांचा पटण्याजोगा खुलासा मिळाला नाही. १२ जून २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या नियामक मंडळाने ठपका ठेवला तो या बाजूचा. दुसऱ्याच दिवशी इस्रायलचे हल्ले सुरू झाले.

त्यानंतर इराणी संसदेने या संस्थेशी सहकार्य थांबवण्याचा कायदा केला. 'इराण बाहेर' असे मथळे तेव्हाही झळकले, पण त्या कायद्याने एनपीटी सुटत नाही. त्यासाठी दहाव्या कलमाखाली कारणं देऊन तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ती मुदत संपली की निरीक्षणाचा कायदेशीर आधारच उरत नाही. उत्तर कोरियाने जानेवारी २००३ मध्ये बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. त्याची पहिली अणुचाचणी ऑक्टोबर २००६ मध्ये झाली.