पुडीतली पावडर जिवंत आहे
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दह्याच्या विरजणाची पुडी फाडली की तळाशी चिमूटभर पांढरट भुकटी दिसते आणि पहिली शंका येते: एवढ्याशानं काय होणार? दुसरी शंका थोड्या दिवसांनी फोनवर येते: दही लागलंच नाही, मुळांना गाठी आल्याच नाहीत, टाकीचा वास जशाचा तसा आहे. दोन्ही शंकांचं उत्तर एकच आहे आणि ते पुडीवरच्या बोटभर जागेत मावत नाही, म्हणून हे पत्रक.

आम्ही तीन पुड्या बनवतो: दह्याची, शेंगवर्गीय पिकांच्या बियाण्याची आणि सेप्टिक टँकची. तिन्हींत जिवंत जिवाणू आहेत, पण त्यांची अवस्था वेगवेगळी. दह्याच्या पुडीतले जिवाणू गोठवून, निर्वात जागेत त्यांच्यातलं पाणी काढून घेतलेले असतात. ते मेलेले नाहीत, नुसते थांबलेले आहेत. ओल आणि ऊब मिळाली की पुन्हा सुरू होतात. बियाण्याच्या पुडीतले काळ्या, ओलसर पीटमध्ये, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या मातीत, राहतात. त्यांना वाळवलं तर ते मरायला लागतात. टाकीच्या पुडीत बीजाणू असतात. काही जिवाणू संकट आलं की स्वतःभोवती टणक कवच करून झोपी जातात, ते हे बीजाणू. तिघांत चिवट हेच.

किती लहान, किती भराभर

जिवाणू म्हणजे एकच पेशी आणि तिला केंद्रक नाही. लांबी साधारण एक-दोन मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये पाचशे-हजार जण सहज रांगेत उभे राहतील. (अपवाद आहेतच. कॅरिबियनमधल्या खारफुटीच्या पाण्यात सापडलेला एक जिवाणू जवळजवळ सेंटिमीटरभर लांबीचा आहे, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याचं वर्णन 2022 साली प्रसिद्ध झालं.) जिवाणूंचं पहिलं वर्णन केलं ते हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या लेव्हेनहूक नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानं, 1676 च्या पत्रात. काही वर्षांनी त्यानं दातांवरचं किटण खरवडून भिंगाखाली धरलं आणि त्यातही वळवळ पाहिली. विद्यापीठात न शिकलेला माणूस होता, पण भिंगं स्वतः घासायचा. आम्हाला हा माणूस फार आवडतो.

भुकटी चिमूटभर का पुरते, ते आता. आतड्यात राहणारा ई. कोलाय सगळं मनासारखं असेल तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. दहा तासांत तीस दुपटी होतात आणि एकाचे 100 कोटींहून जास्त होतात. प्रत्यक्षात खाणं संपतं, आंबटपणा वाढतो आणि वेग मंदावतो. दह्यातले जिवाणू इतके चपळ नाहीत, पण सुरुवातच कोट्यवधींनी होते. म्हणून चमचाभर जास्त टाकून दही लवकर लागत नाही. उलट कधीकधी ते आंबट आणि पाणचट होतं.

दही: सगळ्यांत जास्त फोन याचेच

या पुडीत दोन जण आहेत. एक स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस, दिसायला मण्यांच्या माळेसारखा. दुसरा लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस, काडीसारखा. माळ आधी कामाला लागते. ती दुधातला प्राणवायू संपवते, थोडं फॉर्मिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड सोडते आणि काडीला ते हवंच असतं. काडी दुधातली प्रथिनं तोडून माळेला अमिनो आम्लं पुरवते. एकेकटे दोघंही रेंगाळतात, जोडीनं झपाट्यानं काम करतात.

दोघं दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खाऊन लॅक्टिक आम्ल करतात. दुधातलं केसीन हे प्रथिन एरवी बारीक गोळ्यांच्या रूपात तरंगत असतं, कारण गोळ्या एकमेकींना दूर ढकलतात. आंबटपणा वाढून पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) 4.6 च्या आसपास आला की ढकलाढकली संपते, गोळ्या एकमेकींना चिकटतात आणि त्यांची जाळी होते. पातेलं तिरकं केल्यावर दूध न हलता एकसंध सरकतं, तेव्हा ही जाळी तयार झालेली असते. दूध आधी 85 अंशांपर्यंत तापवून थोडा वेळ तसंच ठेवलं, तर त्यातली इतर प्रथिनंही उलगडून केसीनला जोडली जातात आणि दही घट्ट लागतं. नुसतं कोमट केलेलं कच्चं दूध वापरलं तर दही सैल लागतं, ते यामुळे.

आता आमची चूक. पूर्वी आम्ही पुडीवर "दूध कोमट असताना घालावे" असं छापायचो. सहा महिन्यांत कळलं, की कोमट हा शब्द मोजमापाचा नाही. एका ताईंचं कोमट म्हणजे बोट लावल्यावर गार लागणारं. एका काकांचं कोमट म्हणजे बोट पटकन मागे घ्यावं लागणारं. दोघांचीही पुडी वाया गेली आणि दोघांनीही आम्हाला बोल लावले, रास्तच. आता आम्ही आकडा छापतो: 42 अंश. 30 च्या खाली हे दोघं आळसावतात आणि बाहेरचे, नको ते जिवाणू पुढे सरसावतात. 50 च्या वर यांचं काम अडखळतं आणि त्याहून गरम दुधात काडी आधी मरते. साधा थर्मामीटर घ्या, एवढंच सांगतो. आम्ही तो विकत नाही.

तापमान बरोबर, पुडी ताजी, तरीही दही लागलं नाही, तर दुधाची चौकशी करा. जनावराला अँटिबायोटिक चालू असताना काढलेलं दूध असेल तर औषधाचा अंश दुधात उतरतो आणि आमचे बिचारे जिवाणू त्यालाच बळी पडतात. दही न लागणं ही तेव्हा एक सूचनाच असते. आणखी एक चोर आहे: जिवाणूंवर जगणारे विषाणू, बॅक्टेरियोफेज. माणसाला ते काही करत नाहीत, पण विरजणाची अख्खी तुकडी एका दुपारीत निकामी करू शकतात. मोठ्या दुग्धशाळाही त्यांना वचकून असतात. तीच भांडी, तीच जागा, तेच विरजण महिनोन्महिने वापरत राहिलात तर कधीतरी हा पाहुणा येतोच. भांडी उकळून घ्या.

कालच्या दह्यातून आजचं लावता येतं का? येतं, खुशाल लावा. पण दर फेरीला माळ आणि काडीचं प्रमाण बदलत जातं, बाहेरचे चारदोन घुसतात आणि आठ-दहा फेऱ्यांनी चव फिरते. तेव्हा नवी पुडी.

वर पाणी सुटलं म्हणजे दही बिघडलं असं नाही. ती निवळी आहे, ढवळून घ्या. पण गुलाबी, केशरी किंवा हिरवट ठिपका दिसला तर वरचा थर काढून खालचं खाऊ नका. सगळंच टाका.

जे आपल्याला नको आहेत

फ्रिज जिवाणूंना मारत नाही. 4 अंशांवर बहुतेकांचा वेग फार मंदावतो, इतकंच. 5 ते 60 अंशांच्या मधली जागा त्यांची, म्हणून शिजवलेलं अन्न तिथे तासन्तास राहू देऊ नये. "पुन्हा उकळलं की झालं" हा समज आम्ही वारंवार ऐकतो आणि तो धोक्याचा आहे. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू उकळल्यावर मरतो, पण त्यानं आधीच अन्नात सोडलेलं विष उकळूनही टिकतं.

क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचं नेमकं उलट. त्याचं विष उकळल्यानं निकामी होतं, पण बीजाणू 100 अंशांना दाद देत नाहीत. हवाबंद डब्यात, आंबट नसलेल्या पदार्थात ते जागे झाले तर प्राणघातक. म्हणून कारखान्यात असे डबे दाबाखाली 121 अंशांपर्यंत तापवतात. पीएच 4.6 च्या खाली तो वाढत नाही. लोणच्यात व्हिनेगर घालण्यामागे हेही एक कारण. ते व्हिनेगरही जिवाणूंचंच काम, अ‍ॅसिटोबॅक्टरचं. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये असं सांगतात, तेही याच बीजाणूंपायी.

पोटातले

इथे आम्ही हात राखून लिहितो, कारण आमचं विरजण हे औषध नाही आणि कोणी तसं म्हणून विकत असेल तर जरा थांबा. आमच्या पहिल्या पत्रकात आम्हीही छापलं होतं, की शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू असतात. सगळीकडे तेच लिहिलेलं होतं. 2016 साली संशोधकांनी नीट हिशेब मांडला, तेव्हा 70 किलोच्या माणसात साधारण 38 लाख कोटी जिवाणू आणि 30 लाख कोटी पेशी निघाल्या. म्हणजे जवळजवळ बरोबरीत. त्या सगळ्या जिवाणूंचं वजन सुमारे 200 ग्रॅम. आम्ही जुनी पत्रकं रद्दीत दिली.

बहुतेक जण मोठ्या आतड्यात असतात. आपल्याला न पचलेला तंतूमय भाग ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात, जी आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं खाद्य आहेत. थोडं के जीवनसत्त्वही तेच बनवतात. दह्यातले दोघं मात्र तिथे सहसा वस्तीला राहत नाहीत, येऊन जातात. ज्यांना दूध पचत नाही त्यांना दही बरेचदा सोसतं, कारण लॅक्टोज काही प्रमाणात आधीच संपलेलं असतं आणि उरलेलं पचवायला हे दोघं वाटेत मदत करतात. एवढा फायदा नक्की सांगता येतो. कोणाची प्रतिकारशक्ती आजारपणामुळे किंवा उपचारामुळे फार कमी झाली असेल, तर कुठलेही जिवंत जिवाणू पोटात घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पोटातल्या जिवाणूंबद्दल डॉक्टरसुद्धा चकले आहेत. जठराचा व्रण काळजीनं आणि तिखटानं होतो असं मानत असताना ऑस्ट्रेलियातले डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 साली हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जिवाणूचा द्रव स्वतःच पिऊन टाकला आणि जठराची सूज ओढवून घेतली. 2005 चं नोबेल त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना मिळालं. या जिवाणूमुळे झालेला व्रण आता अँटिबायोटिकनं बरा होतो. सर्दी मात्र त्यानं बरी होत नाही, कारण ती विषाणूची. तिथे गोळ्या घेतल्या तर मरतात ते आतड्यातले उपयोगी जिवाणू आणि जे चुकून वाचतात ते त्या औषधाला निर्ढावलेले.

बियाण्याची पुडी

हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे आणि झाडाला त्याचा थेट उपयोग शून्य. कारखान्यात तो फोडून अमोनिया करायला 400 अंशांच्या वर तापमान आणि प्रचंड दाब लागतो. आमच्या पुडीतला जिवाणू, रायझोबियम, हेच काम शेंगवर्गीय पिकाच्या मुळावरच्या गाठीत, मातीच्या तापमानाला करतो. झाड त्याला साखर देतं, तो झाडाला नायट्रोजन देतो. 1888 साली बायरिंक या डच शास्त्रज्ञांनी हे जिवाणू गाठीतून वेगळे काढून दाखवले.

गाठी आल्या का, एवढंच पाहू नका. रोप हळूच उपटा, मूळ धुवा, एक गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी, मांसासारखी दिसली तर काम चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद. प्राणवायूला आवरून धरणं हे त्याचं काम. आतून पांढरी किंवा हिरवट निघाली तर गाठ आहे, पण काम नाही.

काम नसण्याची कारणं बहुतेक वेळा तीन असतात. पुडी दुसऱ्या पिकाची असते: सोयाबीनचा जिवाणू वेगळा, वाटाण्याचा वेगळा, ते एकमेकांच्या घरी काम करत नाहीत. किंवा पुडी बुरशीनाशकात एकत्र कालवली जाते. किंवा बियाणं चोळल्यावर उन्हात वाळत घातलं जातं. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. भरपूर युरिया दिलात तरी गाठी कमी येतात. आयतं मिळाल्यावर झाड जिवाणूंना कशाला पोसेल? आणि गव्हा-मक्यासाठी ही पुडी मागू नका, त्यांना रायझोबियमच्या गाठी येत नाहीत.

सेप्टिक टँक

धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, पण चालू टाकीला पुडी लागत नाही. लागणारे जिवाणू रोज मैल्याबरोबरच येतात. टाकी नुकतीच उपसली असेल, बरेच दिवस बंद असेल किंवा ब्लीचचा मारा झाला असेल, तर पुडीनं थोडी मदत होऊ शकते. तळाचा गाळ पुडीनं नाहीसा होत नाही, तो ठरावीक काळानं उपसावाच लागतो. (टाकीतला मिथेन वायू जिवाणू नव्हे, आर्किया नावाचे वेगळेच सूक्ष्मजीव करतात. ही चूक आम्ही अजून छापलेली नाही.)

ठेवायचं कसं, तक्रार करायची कशी

दह्याची पुडी फ्रीझरमध्ये, कोरडी; उघडली की पूर्ण वापरा. बियाण्याची पुडी थंड सावलीत, पण गोठवू नका आणि खतांच्या पोत्यांजवळ ठेवू नका. टाकीची पुडी कुठेही कोरड्या जागी चालेल. मुदत संपली म्हणजे पुडी विषारी झाली असं नाही, आतले जिवंत कमी झाले.

काम झालं नाही तर जरूर फोन करा. पुडी टाकू नका, तिच्यावरचा तुकडी क्रमांक लागतो. दह्याची तक्रार असेल तर दुधाचं तापमान आणि किती तास ठेवलंत ते. बियाण्याची असेल तर सोबत कोणतं औषध लावलं ते. टाकीची असेल तर त्या आठवड्यात संडास कशानं धुतला ते सांगा. आणि दूध कोमट होतं, एवढंच सांगितलंत तर आम्ही पुन्हा विचारू: किती अंश?