क्लिक हा क्षण, स्क्रोल ही जागा: वेबपानावरच्या इफेक्ट्सची पार्श्वभूमी

बटण दाबलं की ते किंचित आत बसतं. पान खाली सरकवलं की मजकुराचे चौकोन एकामागून एक वर येतात. शिकवताना हे दोन्ही इफेक्ट एकाच धड्यात उरकले जातात, पण ते एका जातीचे नाहीत. क्लिक घडतो, एका क्षणी आणि एकदाच. स्क्रोल तसा घडत नाही. ती एक जागा असते, म्हणजे पान ० पिक्सेलवर आहे की १८४० वर, एवढंच. ब्राउझरांनी मात्र सुरुवातीला दोघांनाही ‘इव्हेंट’, म्हणजे काही घडलं की स्क्रिप्टला मिळणारी सूचना, या एकाच साच्यात बसवलं. क्लिकला तो साचा चपखल बसला. स्क्रोलला तो कधीच नीट बसला नाही, आणि स्क्रोल इफेक्टच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ तिथेच आहे.

१९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीत ब्रेंडन आइकने जावास्क्रिप्टचा, म्हणजे वेबपानाला हालतं-बोलतं करणाऱ्या भाषेचा, पहिला अवतार दहा दिवसांत तयार केला. १९९६च्या नेव्हिगेटर २.० या ब्राउझरमधून ती भाषा लोकांपर्यंत पोचली. ‘ऑनक्लिक’, ‘ऑनमाउसओव्हर’ अशा गोष्टी थेट टॅगमध्येच लिहायच्या. करता येण्यासारखं फार नव्हतं: फॉर्म तपासायचा, इशाऱ्याची चौकट दाखवायची, नाहीतर खालच्या स्टेटसबारमध्ये मजकूर सरकवत ठेवायचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या नेव्हिगेटर ३.० मध्ये पानावरच्या चित्राचा पत्ता स्क्रिप्टमधून बदलता येऊ लागला आणि ‘रोलओव्हर’ जन्माला आला. माउस वर नेला की साध्या बटणाच्या जागी उजळलेल्या बटणाचं चित्र. इंटरनेट एक्सप्लोरर ३ ला हे जमत नसे, म्हणून त्या काळच्या प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘डॉक्युमेंट-इमेजेस आहे का?’ ही तपासणी असे. दुसरं चित्र आधीच मागवून ठेवलं नसेल, तर पहिल्यांदा माउस नेल्यावर बटण क्षणभर गायब होई. डायल-अपवर तो क्षण चांगलाच लांबे.

१९९७ मध्ये दोन्ही ब्राउझरांच्या चौथ्या आवृत्त्या आल्या आणि ‘डीएचटीएमएल’ (स्क्रिप्टने पान जागच्या जागी बदलणं) हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. घटकापर्यंत पोचायला नेटस्केपकडे डॉक्युमेंट-लेयर्स होते, एक्सप्लोररवाल्या मायक्रोसॉफ्टकडे डॉक्युमेंट-ऑल. एकच मेनू दोनदा लिहावा लागे. त्यात क्लिक कोणत्या दिशेने प्रवास करतो यावरही एकमत नव्हतं. नेटस्केपमध्ये तो वरून, म्हणजे खिडकीकडून घटकाकडे येई. एक्सप्लोररमध्ये घटकापासून बुडबुड्यासारखा वर जाई. नोव्हेंबर २००० मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या ‘डॉम लेव्हल २ इव्हेंट्स’ या नियमावलीने दोन्ही दिशा मान्य केल्या, आधी खाली आणि मग वर. इव्हेंट ऐकायला लावणाऱ्या ‘ॲडइव्हेंटलिसनर’ला तिसरा पॅरामीटर आहे तो या तडजोडीमुळे. एक्सप्लोररने ही पद्धत स्वीकारली ती थेट ९व्या आवृत्तीत, २०११ साली. तोवर त्याच्या स्वतःच्या ‘अटॅचइव्हेंट’चं वेगळं बिऱ्हाड चालूच होतं.

ही दुहेरी कसरत जेक्वेरी या तयार कोडच्या लायब्ररीने झाकून टाकली. जॉन रेसिगने ती जानेवारी २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या बारकॅम्प या मेळाव्यात मांडली आणि १.० आवृत्ती ऑगस्टमध्ये आली. एका ओळीत क्लिक पकडायचा, दुसऱ्या ओळीत ‘स्लाइडटॉगल’, म्हणजे घटक सरकवत उघडायचा किंवा मिटायचा. वेळ सांगितली नाही तर ४०० मिलिसेकंद, ‘फास्ट’ म्हटलं तर २००, ‘स्लो’ म्हटलं तर ६००. आजही अनेक साइट्सचा अकॉर्डियन (उघड-मीट होणारी यादी) ४०० मिलिसेकंदांतच उघडतो, कारण तो आकडा कुणी बदललाच नाही.

जेक्वेरीचा एक दोष मात्र सगळ्यांनी पाहिलेला आहे. मेनूवरून माउस पाच-सहा वेळा आत-बाहेर केला आणि हात बाजूला घेतला, तरी मेनू आपला उघडतोय, मिटतोय, पुन्हा उघडतोय. जेक्वेरी प्रत्येक घटकाची ॲनिमेशनं रांगेत लावते आणि एकही सोडत नाही, म्हणून असं होतं. नवं ॲनिमेशन लावण्याआधी ‘स्टॉप’ बोलावून रांग रिकामी करणं हा त्यावरचा उपाय. दुसरा दोष दिसत नसे, पण महाग पडे. स्लाइड म्हणजे घटकाची उंची दर १३ मिलिसेकंदांनी बदलणं, आणि उंची बदलली की त्याखालच्या सगळ्या पानाची मांडणी पुन्हा मोजावी लागते.

पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसने हे काम हळूहळू आपल्याकडे घेतलं. ‘हॉव्हर’, म्हणजे माउस वर असतानाचं रूप, सीएसएस २ मध्ये, म्हणजे १९९८ पासून होतं. पण एक्सप्लोरर ६ ते फक्त लिंकवर मानत असे, त्यामुळे बराच काळ ते अर्धवटच वापरलं गेलं. ट्रान्झिशन्सची, म्हणजे हळुवार बदलांची, सुरुवात २००७ मध्ये सफारीमागच्या वेबकिटने केली. इथे मुद्दा फक्त सोयीचा नव्हता. ट्रान्सफॉर्म (सरकवणं, फिरवणं) आणि ओपॅसिटी (अपारदर्शकता) हे दोनच गुणधर्म बदलत असतील, तर ब्राउझर त्या घटकाचा वेगळा थर करून तो मुख्य धाग्याबाहेर, म्हणजे स्क्रिप्ट चालते त्या रांगेबाहेर, सरकवू शकतो. मग स्क्रिप्ट अडकली तरी हालचाल अडत नाही. ‘टॉप’, ‘मार्जिन’ किंवा ‘हाइट’ बदलली की ही सवलत गेली.

क्लिकच्या इफेक्टमध्ये नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा: पहिल्या क्लिकला बटण हललं, दुसऱ्या क्लिकला का नाही? पहिल्या वेळी लावलेला क्लास (स्टाइल लागू करणारं नाव) तसाच राहिलेला असतो. मग लोक तो काढून लगेच पुढच्या ओळीत परत लावतात, तरी काही होत नाही. ब्राउझर स्टाइल मोजतो तो स्क्रिप्टचा तुकडा संपल्यावर. काढलं आणि लावलं, त्याच्या लेखी काहीच बदललं नाही. क्लास ‘ॲनिमेशनएंड’ या इव्हेंटवर काढावा, किंवा क्लासच्या भानगडीत न पडता घटकाची ‘ॲनिमेट’ ही पद्धत वापरावी. ती दर वेळी नव्याने सुरू होते. ‘थांबा, काम चालू आहे’ असं चक्र दाखवून त्याच दमात जड हिशेब सुरू केला की चक्र दिसतच नाही, त्याचंही कारण हेच.

बोटाने क्लिकमध्ये नवा पेच आणला. २००७ च्या आयफोनवर पानं ९८० पिक्सेल रुंदीची धरून आक्रसून दाखवली जात आणि दोनदा टिचकी मारली की मोठी होत. पहिली टिचकी क्लिक आहे की दुहेरी टिचकीचा पूर्वार्ध, हे ठरवायला ब्राउझर सुमारे ३०० मिलिसेकंद थांबे. तेवढ्यासाठी ‘फास्टक्लिक’सारख्या लायब्रऱ्या आल्या. २०१४ मध्ये अँड्रॉइडवरच्या क्रोम ३२ ने, पान उपकरणाच्या रुंदीचं असेल तर, ही वाट पाहणं बंद केलं, आयओएस ९.३ ने २०१६ मध्ये. त्यामुळे नव्या कामात फास्टक्लिक घालायचं कारण नाही, जुन्या थीममध्ये सापडलं तर खुशाल काढावं. बोटाचा दुसरा त्रास अजून आहे: टिचकी मारल्यावर हॉव्हरचा रंग बटणाला चिकटून राहतो. हॉव्हरचे नियम ‘हॉव्हर: हॉव्हर’ या मीडिया अटीत, म्हणजे उपकरण पाहून नियम लावणाऱ्या सीएसएसच्या अटीत, ठेवले की तो जातो. आणि क्लिकसाठी डिव्ह, म्हणजे नुसता चौकोन, नको, बटण हवं. बटण एंटर आणि स्पेसलाही क्लिक देतं. डिव्हला यातलं काहीच येत नाही.

आता स्क्रोल. सुरुवातीच्या तरंगत्या मेनूंच्या स्क्रिप्टा दर काही मिलिसेकंदांनी ‘पान कुठवर आलं?’ असं विचारत आणि मेनूला ढकलत. नंतर स्क्रोल इव्हेंट रुळला, पण तो एकदा येत नाही, सरकणं चालू असेपर्यंत येतच राहतो. २०११ च्या सुरुवातीला ट्विटरचं पान सरकवताना अडकू लागलं, तेव्हा रेसिगने कारण मांडलं होतं: प्रत्येक स्क्रोल इव्हेंटला पानात घटकांचा नव्याने शोध घेतला जात होता. त्याने सुचवलेला उपाय आजही जुन्या कोडमध्ये दिसतो. इव्हेंटमध्ये फक्त ‘सरकलं’ एवढी खूण करायची, आणि दर २५० मिलिसेकंदांनी ती खूण पाहून काम करायचं.

नेमक्या त्याच वर्षी पॅरॅलॅक्सची लाट आली. नाइकेच्या ‘बेटर वर्ल्ड’ या साइटने मागचं चित्र हळू आणि पुढचं जलद सरकवून दाखवलं. डिसेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचा ‘स्नो फॉल’ हा वॉशिंग्टन राज्यातल्या हिमस्खलनावरचा वृत्तांत आला आणि जगभरच्या संपादकांना तसंच काहीतरी हवंसं झालं. पण तेव्हाच्या आयफोनवर हे चालतच नव्हतं. आयओएस ८ येईपर्यंत, बोट उचलल्यावर पान आपल्या वेगाने धावत असताना स्क्रोल इव्हेंट येतच नसे. पान थांबल्यावर एकदम एक येई आणि चित्र टुणकन उडी मारे.

संगणकावरही इफेक्ट थरथरे, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आधुनिक ब्राउझर पान सरकवतो तो वेगळ्या धाग्यावर. स्क्रिप्टला कळतं तोवर पान पुढे गेलेलं असतं. सेकंदाला ६० चौकटी म्हणजे प्रत्येकीला १६.७ मिलिसेकंद, स्क्रिप्टने हलवलेला थर एक चौकट मागे राहतो आणि डोळ्याला ती थरथर जाणवते. ‘रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम’ने कामं चौकटीला बांधली जातात, पण हा मागासलेपणा पूर्ण जात नाही. त्यात पळणाऱ्या लूपमध्ये एका घटकाची स्टाइल लिहायची, लगेच पुढच्याची उंची वाचायची, असं केलं तर ब्राउझरला प्रत्येक फेरीत मांडणी मोजावी लागते. आधी सगळं वाचून घ्यावं, मग सगळं लिहावं.

हालचालीचा आणखी एक परिणाम पडद्याबाहेर झाला. २०१३ च्या आयओएस ७ मधल्या सरकत्या थरांनी आणि झूमने काहींना गरगरू लागलं. ‘रिड्यूस मोशन’ ही सेटिंग ७.०.३ मध्ये ॲपच्या उघडझापेलाही लागू करावी लागली. तीच निवड वेबपानाला कळावी म्हणून ‘प्रीफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ ही मीडिया अट सफारी १०.१ मध्ये, २०१७ ला आली. अनेक तयार थीम अजूनही तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. तीन ओळींचं काम आहे, न करण्याला सबब नाही.

स्क्रोलला जागा म्हणून वागवणारं पहिलं मोठं साधन म्हणजे २०१६ च्या क्रोम ५१ मधला इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर. जाहिरात खरंच दिसली का, हे मोजणं ही त्यामागची एक मोठी गरज होती. इफेक्टवाल्यांना ते आयतं मिळालं. ‘हा घटक खिडकीत २० टक्के आला की सांग’ एवढं सांगायचं आणि विसरायचं. चुका इथेही ठरलेल्या. खिडकी ६०० पिक्सेल उंच आणि घटक ३००० पिक्सेल असेल, तर जास्तीत जास्त २० टक्केच दिसू शकतो, थ्रेशोल्ड, म्हणजे किती भाग दिसायला हवा ती मर्यादा, ०.५ ठेवला तर इफेक्ट जन्मात होणार नाही. घटक १०० पिक्सेल खाली ढकलून ठेवला असेल, तर ऑब्झर्व्हर त्याची ढकललेली जागा मोजतो. मग तो वर आला की ‘दिसला’, खाली गेला की ‘गेला’, असा लुकलुकाट सुरू होतो. नजर बाहेरच्या वेष्टनावर ठेवावी, हलवावं आतल्याला. सगळ्यात वाईट चूक म्हणजे सीएसएसमध्येच मजकुराची ओपॅसिटी शून्य करून ठेवणं. स्क्रिप्ट आली नाही की पान कोरं. लपवणारा क्लास स्क्रिप्टनेच लावावा.

अक्षरं एकेक करून उगवणारी शीर्षकंही याच लाटेबरोबर पसरली. इंग्रजीसाठी लिहिलेल्या अशा स्क्रिप्टा मराठीत हमखास फसतात. ‘विद्यार्थी’ रिकाम्या स्ट्रिंगवर ‘स्प्लिट’ केला, म्हणजे एकेका चिन्हावर तोडला, तर १० तुकडे पडतात: व, वेलांटी, द, हलंत... ट्रान्सफॉर्मसाठी प्रत्येक तुकडा इनलाइन-ब्लॉक, म्हणजे स्वतंत्र चौकोन, करावा लागतो, त्यामुळे जोडाक्षर जुळतच नाही आणि सुट्या वेलांटीखाली ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. अक्षरं ओळखून तोडणारा ‘इंटल-सेगमेंटर’ वापरला तरी जुन्या नियमांनुसार पाच तुकडे होतात: वि, द्, या, र्, थी. म्हणजे रफार गेला. जोडाक्षर एकसंध ठेवण्याचा नियम युनिकोड या लिपींच्या मानकाच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ साली आला; तो पोचलेल्या ब्राउझरमध्ये वि, द्या, र्थी असे तीन पडतात. तेव्हाही अक्षरं वर-खाली हलली की शिरोरेघ तुटते ती तुटतेच. मराठी शीर्षक शब्दाशब्दाने आणावं, ते दिसतंही बरं.

टच आणि चाकाच्या बाबतीत ब्राउझरांनी थेट अधिकारच काढून घेतले. स्क्रिप्ट सरकणं अडवणार आहे की नाही याची वाट पाहताना पान अडकत असे. म्हणून क्रोम ५१ मध्ये ‘पॅसिव्ह’, म्हणजे स्क्रिप्ट सरकणं अडवणार नाही हे आधीच सांगण्याचा, पर्याय आला. क्रोम ५६ ने खिडकीवरच्या टचसाठी तो आपोआप लावला आणि क्रोम ७३ ने माउसच्या चाकासाठीही. एका फेरीत एक पूर्ण पडदा सरकवणाऱ्या अनेक जुन्या स्क्रिप्टा तेव्हा निकामी झाल्या. तेच आता सीएसएसच्या ‘स्क्रोल-स्नॅप’ने होतं.

जुलै २०२३ मध्ये क्रोम ११५ ने सीएसएस ॲनिमेशनला घड्याळाऐवजी स्क्रोलची जागाच कालरेषा म्हणून दिली. ‘ॲनिमेशन-टाइमलाइन’ला ‘व्ह्यू’ दिलं की घटक खिडकीतून जाताना जितका पुढे जाईल तितकं ॲनिमेशन पुढे, मागे सरकवला तर मागे. इव्हेंट नाही, स्क्रिप्ट नाही. आणि ट्रान्सफॉर्म-ओपॅसिटीपुरतं ते मुख्य धाग्याबाहेर चालत असल्याने ती एका चौकटीची थरथरही नाही. नव्याने वापरणारे दोन ठिकाणी अडतात. ‘ॲनिमेशन’ ही एकत्रित ओळ टाइमलाइनला मूळपदावर आणते, म्हणून टाइमलाइन तिच्यानंतर लिहावी. दुसरं, एखाद्या पूर्वज घटकाला ‘ओव्हरफ्लो: हिडन’ असेल, तर ब्राउझर त्यालाच सरकणारा डबा समजतो आणि ॲनिमेशन ढिम्म हलत नाही, तिथे ‘हिडन’ऐवजी ‘क्लिप’ लिहावं. हे सगळं ‘ब्राउझरला हे येतं का?’ असं विचारणाऱ्या ‘सपोर्ट्स’च्या अटीत ठेवलं की ज्या ब्राउझरला ते येत नाही, तिथे मजकूर जागच्या जागी स्थिर दिसतो.