राक्षसाला वाघाचं तोंड कुठून आलं : नियम, चित्र आणि एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड या पट्ट्यातले काही पोट्टे डी अँड डीच्या, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून पात्रं घेत, फासे टाकत खेळायच्या खेळाच्या, फुकट नियमांवर आपला स्वतःचा झाडीपट्टीतला खेळ रचून राहिलेत, आणि त्यात सध्या सगळ्यात जास्त भांडण राक्षसाच्या चित्रावरून चालू आहे. मूळ खेळात राक्षसाला वाघाचं तोंड आहे, ते ठेवायचं की काढायचं, एवढंच. बाहेरच्याला वाटेल एका चित्रासाठी काऊन एवढी डोकेफोड, पण या एका तोंडामागे पन्नास वर्षांचा गुंता आहे म्हणून हे लिहितोय. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, काय करतो, वीस बाजूंचा फासा कधी टाकायचा, हे इथं सांगत बसत नाही.

सुरुवातीचं थोडक्यात. १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा नावाच्या गावातून या खेळाच्या तीन पातळ पुस्तिकांचा डबा निघाला, पहिली छपाई हजार प्रतींची. नियम अर्धवट होते, लढाईसाठी १९७१ चं सैनिकांच्या खेळाचं पुस्तक तुमच्याकडे असेलच असं धरून चाललेलं, आणि चित्रं हौशी मुलांनी वहीत काढावी तशी. पण चित्र आधी आणि नियम मागून ही रीत तेव्हापासूनच दिसते. लोखंड गंजवणारा रस्ट मॉन्स्टर, घुबड-अस्वल, जमिनीतून वर येणारा ब्युलेट, हे तिघं हाँगकाँगच्या स्वस्त प्लास्टिक खेळण्यांच्या पुडक्यातून आले. आपल्याकडे मंडईत गाड्यावर मिळतात तसली खेळणी, कोणता प्राणी आहे ते बनवणाऱ्यालाही माहीत नसेल. ती टेबलावर ठेवली गेली, आणि मंग ती काय करतात हे कोणीतरी ठरवलं.

आता राक्षस. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, म्हणजे खेळातल्या भयंकर जीवांच्या पुस्तकात, तो आहे, आणि मजकूर सरळ म्हणतो की हे दुष्ट आत्मे आधी भारतात माहीत होते, त्यांना माणसाचं मांस आवडतं, आणि ते भ्रम निर्माण करण्यात पटाईत आहेत. नियम असा की तो तुमचं मन वाचतो आणि तुमचा ज्याच्यावर भरवसा आहे त्याचं रूप घेऊन समोर येतो. खेळातल्या मंत्रांना ताकदीप्रमाणे पातळ्या असतात, त्यातले आठव्या पातळीखालचे मंत्र त्याला लागत नाहीत, साध्या हत्याराने काही होत नाही, पण क्रॉसबोचा, म्हणजे आडव्या धनुष्याचा, मंतरलेला बोल्ट (आखूड बाण) लागला की जागीच मेला. हा बोल्ट रामायण-महाभारतात कुठंच नाही. तो १९७४ च्या डिसेंबरमध्ये दाखवलेल्या एका अमेरिकन टीव्ही मालिकेच्या भागातून आला असं मानतात, त्यात राक्षसाला असाच मारला होता.

आणि त्याच पानावर चित्र काय, तर वाघाचं डोकं, अंगात घरात घालायचा झोकदार कोट, हातात पाइप, एकदम सिव्हिल लाइन्सच्या जुन्या क्लबातल्या साहेबासारखा. चित्र भारीच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण नियम म्हणतो हा ओळखू येत नाही आणि चित्र म्हणते हा शंभर फुटांवरून ओळखू येतो! नियमाप्रमाणे त्याची सगळी ताकद लपण्यात होती, ती चित्राने पानावरच उघडी पाडली. पुढे प्रत्येक आवृत्तीत झालं असं की नियम बदलत गेले आणि तोंड तेच राहिलं, वर तळहात उलटे असतात ही खूणही कायमची चिकटली. आठव्या पातळीची अट गेली, २००३ च्या सुधारित तिसऱ्या आवृत्तीत त्याच्या जागी वेगळाच मंत्ररोधक आकडा आला, बोल्टने जागीच मरणं गेलं आणि चांगल्या बाजूचं टोकदार हत्यार लागेल एवढंच उरलं, २०१४ मध्ये पुन्हा सहाव्या पातळीपर्यंतचे मंत्र चालत नाहीत असं झालं. म्हणजे ज्याला नियम म्हणून मान होता ते दर दहा-पंधरा वर्षांनी धुतलं गेलं आणि जे नुसतं सजावट म्हणून काढलं होतं ते दगडावरची रेघ झालं.

आपल्या कथांमधला राक्षस पाहिजे ते रूप घेतो. मारीच हरीण झाला, रावण साधू होऊन आला, रामटेकला गेलेल्या कोणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून वाघाचं रूप चूक असं म्हणता येत नाही, पण तेच एक रूप खरं आणि बाकी सगळे मुखवटे, ही गोष्ट त्या पुस्तकाची आहे, आपली नाही. १९८० च्या देवदेवतांच्या पुस्तकात तर इंद्र, अग्नी, काली, विष्णू, यम यांना आर्मर क्लास (वार लागणं किती अवघड त्याचा आकडा) आणि हिट पॉइंट (किती मार सोसेल त्याचा आकडा) दिलेत, ती पानं कोणाच्या आजीला दाखवायची हिंमत मी तरी करणार नाही. पण गंमत अशी की त्या पानांमुळे खेळात फार काही बदललं नाही आणि राक्षसाच्या एका चित्रामुळे बदललं.

मधल्या काळाचं लवकर उरकतो. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत हा खेळ सैतानाचा आहे म्हणून बोंब झाली, १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून डेमन, डेव्हिल हे शब्द गेले आणि दोन वर्षांनी ते वेगळ्या नावांनी परत आले, राक्षस मात्र शाबूत राहिला, बहुतेक तिकडे कोणाला तो धर्माचा विषय वाटलाच नाही. त्याच आवृत्तीत थॅको होता, म्हणजे आर्मर क्लास जितका कमी तितका चांगला आणि वजाबाकी करत बसा. २००० साली ते उलटं करून सरळ बेरीज केली. थॅकोसाठी आजही गळा काढणारे लोक आहेत, मला त्यात काही राम दिसत नाही, बेरीज ती बेरीज.

२००० मध्येच नियमांचा मजकूर इतरांना वापरू देणारं लायसन्स आलं, आणि २००६ च्या आसपास त्याच लायसन्सच्या आधाराने जुन्या पद्धतीवाल्यांनी पहिल्या आवृत्तीसारखे नियम परत लिहून काढले. त्यांचं म्हणणं असं की नियम थोडे असावेत, बाकीचं डीएमने टेबलावर ठरवावं, आणि चित्रात हिरो जिंकताना नाही तर चिखलात, अंधारात, घाबरलेला दिसावा. खरं सांगायचं तर त्या जुन्या चित्रांतली निम्मी कच्ची होती, हातांची बोटं बघा एकेकाची. पण आपल्याकडे काळ्या रेघेच्या चित्राला वेगळाच भाव आहे आणि त्याचं कारण अगदी साधं. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात नव्या पुस्तकाचं रंगीत पान टाकलं की ड्रॅगनचा नुसता काळा डाग बाहेर येतो, रेघेचं चित्र मात्र चौथ्या कॉपीलाही स्वच्छ उठतं. फाशांचंही तसंच, १९७९ च्या सुमारास तिकडे फासे कमी पडले तेव्हा डब्यात आकडे छापलेल्या चिठ्ठ्या घालून विकत होते, आणि इकडे कुरिअर पोचेपर्यंत पोट्टे अजूनही एक ते वीस चिठ्ठ्या डब्यात हलवून काढतात.

आजचं भांडण ज्यातून उभं राहिलं ती गोष्ट २०२३ ची. जानेवारीत जुनं लायसन्स रद्द करायचा डी अँड डी काढणाऱ्या कंपनीचा बेत फुटला, जगभर ओरड झाली आणि महिना संपायच्या आत पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये, म्हणजे कोणालाही वापरता येईल अशा लायसन्सखाली, खुला करावा लागला. त्यात राक्षस आहे. आर्मर क्लास १६, हिट पॉइंट ११०, चॅलेंज (हरवणं किती कठीण तो आकडा) १३, लॉफुल ईव्हिल म्हणजे शिस्तीत वागणारा दुष्ट, पाहिजे तेव्हा रूप बदलणं, पाहिजे तेव्हा मन वाचणं, आणि ओरखडला की असा शाप की झोपून उठलं तरी आराम मिळत नाही. चित्र मात्र एकही नाही, कारण मजकूर खुला झाला, चित्रं नाही. म्हणजे फुकटच्या नियमात वाघाचं तोंड लिहिलेलंच नाही! जे काही वाघाचं उरलंय ते हल्ल्याच्या ओळीत, तिथं क्लॉ, म्हणजे पंजा, हा शब्द आहे, बस. तोंड ठेवा म्हणणाऱ्यांचा सगळा युक्तिवाद त्या एका ओळीवर उभा आहे की पंजा आहे म्हणजे वाघच. पंजा अस्वलालाही असतो, आणि मोहफुलं वेचताना ज्याची गाठ अस्वलाशी पडली असेल त्याला विचारा कोणाचा बरा.

माझा कल लपवत नाही, तोंड काढावं. कारण कॉपीराइटचं नाही. सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडे वाघ ही फँटसी नाही, तेंदूपत्त्याच्या दिवसांत सकाळी जंगलात गेलेलं माणूस दुपारपर्यंत परत नाही आलं की गाव कोणत्या दिशेने धावतं ते इथल्या पोट्ट्यांना ठाऊक आहे. आणि त्याच गावाच्या शिवेवर वाघदेवाला शेंदूर लावलेला असतो. त्याचं डोकं कापून एका लॉफुल ईव्हिल धडावर ठेवलं की टेबलावर भीती तयार होत नाही, नुसता अवघडलेपणा होतो. अमेरिकेत बसून काढणाऱ्याला वाघ म्हणजे दूरचा पूर्व, इथं तो बांधापलीकडे आहे. समोरच्या बाजूचं म्हणणंही नोंदवतो, की झाडीपट्टीच्या नाटकात प्रवेश केल्या केल्या मागच्या रांगेला कळलं पाहिजे हा कोण, आणि चित्राचं कामही तेच. यात दम आहे. पण नाटकात प्रेक्षकाला कळायला पाहिजे आणि पात्राला नाही, खेळात प्रेक्षक आणि पात्र एकच माणूस असतो, ही अडचण त्यांनी अजून सोडवलेली नाही.

मधे एकाने एआयकडून चित्र काढून आणलं, त्याला शिंगं, सुळे आणि जिममधले दंड, कुठल्याही गेमच्या पोस्टरवर चालेल असं. तेही तिथंच बंद झालं, कारण २०२३ च्या ऑगस्टमध्ये मूळ कंपनीच्याच राक्षसी देहांच्या, म्हणजे जायंट्सच्या पुस्तकात एका चित्रकाराने एआय वापरल्याचं उघड झालं होतं आणि पुढे कंपनीने आपल्या चित्रकारांना ते मना केलं, हे इथं सगळ्यांना माहीत होतं. शेवटी नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला विचारलं. त्याने काढलेल्या कच्च्या चित्रात चावडीसमोर पाच माणसं बसलेली आहेत, एकजण पानाला चुना लावतोय, आणि नीट पाहिलं तर त्याचा तळहात बोटांच्या उलट्या बाजूला आहे. बाकी काही नाही.

त्यावर आता नवीन वाद निघालाय की उलटे तळवे ही खूण तरी खुल्या मजकुरात आहे का, तर तीही नाही, ती सुद्धा कंपनीच्या पुस्तकातलीच. म्हणून तूर्तास चित्र अडलंय. नियमाचा भाग मात्र ठरला : टोकदार हत्याराची अट ठेवायची, क्रॉसबो काढायचा, त्या जागी पुजाऱ्याने मंतरलेला बांबूचा बाण, आणि तो जादूचा धरायचा.