टूर्नामेंट, मध्ययुगीन

पश्चिम युरोपातील घोडेस्वार योद्ध्यांच्या (नाइट) सराव-लढाया व त्यांच्या जोडीने भरणारे सामने. उत्तर फ्रान्समध्ये अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांना आकार येऊ लागला. मधोमध कठडा, दोन्ही टोकांना एकेक स्वार आणि सज्जात बसलेल्या राजघराण्यातील स्त्रिया हे आज डोळ्यांसमोर येणारे चित्र मात्र बऱ्याच नंतरचे आहे.

बाराव्या शतकातली टूर्नामेंट म्हणजे दोन गटांची एकत्र झुंज (फ्रेंच नाव ‘मेले’). तिला बंदिस्त मैदान नसे. दोन गावांमधली शेते, झाडी आणि गल्ल्या हीच रणभूमी. काही जागा कुंपण घालून सुरक्षित ठेवत. तिथे दम खायचा, चिलखत ठीकठाक करायचे आणि पुन्हा बाहेर पडायचे. शस्त्रे बहुधा लढाईतलीच असत, पण समोरच्याला मारायचे नसून जिवंत धरायचे असे. पकडलेल्याचा घोडा आणि चिलखत जिंकणाऱ्याकडे जाई, वर खंडणी वेगळी. घोडा आणि चिलखत या नाइटच्या सर्वांत महाग वस्तू, त्यामुळे एका दिवसात कुणी कंगाल होई, तर कुणाचे नशीब उघडे. फ्लँडर्सचा काउंट फिलिप आपली माणसे घेऊन बाजूला थांबे आणि इतर थकले की मैदानात उतरे. याला त्या काळी चलाखी मानले गेले, लबाडी नव्हे. शौर्याच्या गप्पांइतकाच हिशेबही चाले तो असा.

या हिशेबातून वर आलेला सर्वांत प्रसिद्ध माणूस विल्यम मार्शल (सु. ११४७–१२१९). धाकटा मुलगा असल्याने वाट्याला जमीन आली नाही. मग त्याने रॉजर द गोजी या सोबत्याबरोबर भागीदारी केली आणि एका हंगामात दोघांनी मिळून १०३ नाइट पकडले, असे त्याच्या पद्यचरित्रात म्हटले आहे. प्लर येथील टूर्नामेंटमध्ये बक्षीस होते एक मोठा पाइक मासा. तो मार्शलला द्यायचे ठरले, पण मार्शल सापडेना. अखेर तो लोहाराच्या भट्टीवर सापडला. घाव बसून शिरस्त्राण इतके चेपले होते की ते डोक्यातून निघत नव्हते; मान ऐरणीवर टेकवून लोहार ते हातोडीने सरळ करत होता. पुढे हाच मार्शल बालराजा तिसऱ्या हेन्रीच्या नावे इंग्लंडचा कारभार पाहू लागला.

चर्चचा या प्रकाराला कडवा विरोध होता. ११३० च्या क्लेरमाँ परिषदेने बंदी घातली, ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने ती पुन्हा जाहीर केली. टूर्नामेंटमध्ये मेलेल्याला अंत्यसमयीचे संस्कार मिळत, पण चर्चच्या भूमीत दफन नाही. लोकांनी हे फारसे मनावर घेतले नाही आणि १३१६ मध्ये पोप बाविसाव्या जॉनने बंदी उठवली. राजांना भीती वेगळीच होती : शस्त्रधारी सरदार एकत्र जमले की बंडाची खलबते होणार. इंग्लंडच्या पहिल्या रिचर्डने ११९४ मध्ये यावर सरकारी तोडगा काढला. पाच ठिकाणे ठरवून दिली आणि परवाना शुल्क लावले : अर्लला २० मार्क, बॅरनला १०, जमीनदार नाइटला ४ आणि भूमिहीनाला २.

तेराव्या शतकापासून बोथट शस्त्रांचा वापर वाढला आणि दोघांची भाल्याची झुंज (जाउस्ट) पुढे आली. तीन बोथट दातांचे, मुकुटासारखे टोक भाल्याला बसवत, म्हणजे तो घुसण्याऐवजी ढालीवर अडके. घोडे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून पंधराव्या शतकात मधे कठडा आला. स्वार डाव्या अंगाने एकमेकांजवळून जात. उजव्या बगलेतला भाला घोड्याच्या मानेवरून तिरका रोखलेला असे. खास जाउस्टसाठी केलेल्या शिरस्त्राणातून पुढे वाकल्याशिवाय दिसत नसे. धडकेच्या क्षणी मान वर केली की डोळ्यांसमोरची फट झाकली जाई.

तरीही धोका टळला नाही. ३० जून १५५९ रोजी पॅरिसमध्ये मुलीच्या व बहिणीच्या विवाहानिमित्त भरलेल्या सामन्यात फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री स्वतः उतरला. गाब्रिएल माँगोमरीचा भाला मोडला आणि त्याची ढलपी राजाच्या डोळ्याजवळ घुसली. आंब्रुआज पारे आणि व्हेसॅलियस या नामवंत वैद्यांचेही काही चालले नाही. १० जुलैला राजा मरण पावला. फ्रान्समध्ये या खेळाची हौस त्यानंतर ओसरत गेली. इंग्लंडमध्ये पहिल्या एलिझाबेथच्या राज्यारोहण दिनाला जाउस्ट होत राहिले, पण दरबारी सोहळा म्हणूनच.