'अनलेस' लिहिताना 'नॉट' आवरा

भाषांतराला किंवा तपासायला आलेल्या कागदांत आम्ही सगळ्यात जास्त अडतो ते 'अनलेस'पाशी. इंग्रजीत सहाच अक्षरं, पण मुदत, दंड, डिपॉझिट सगळं त्यावर टांगलेलं असतं.

मागे एक घरमालक स्वतः लिहिलेला भाडेकरार घेऊन आले. त्यांना म्हणायचं होतं, 'जोपर्यंत फ्लॅट रिकामा होत नाही, तोपर्यंत डिपॉझिट परत मिळणार नाही.' कागदावर होतं, 'द डिपॉझिट विल नॉट बी रिटर्न्ड अनलेस द फ्लॅट इज नॉट व्हेकेटेड.' म्हणजे फ्लॅट सोडला नाही तरच डिपॉझिट परत! भाडेकरूनं ठाण मांडून बसावं, वर पैसेही घ्यावेत.

यात त्यांचं इंग्रजी कच्चं होतं असं नाही. अशा वाक्यात आपल्या 'जोपर्यंत'ला 'नाही' लागतंच, आणि तेच हाताला वळण पडून इंग्रजीत उतरतं. 'अनलेस'च्या पोटात मात्र ते 'नाही' आधीच बसलेलं आहे. म्हणून लिहिताना मनात 'जोपर्यंत' आणूच नका, 'रिकामा केल्याशिवाय' म्हणा. तिथं दुसरं 'नाही' शिरायला फटच नसते.

'जोपर्यंत' आणखी एका ठिकाणी गोत्यात आणतं. 'अंटिल'लाही आपण तेच वापरतो. पण 'अंटिल यू पे' म्हटलं की समोरचा आज ना उद्या पैसे भरणार हे धरलेलं असतं; 'अनलेस यू पे'मध्ये तो भरेलच असं नाही. वसुलीच्या नोटिशीत हा फरक महागात पडतो. (आणि 'अनलेस यू विल पे' नको. पुढची गोष्ट असली तरी नुसतं 'पे'.)

कायद्यात तर या एका शब्दावर अख्खं कलम फिरतं. भारतीय करार अधिनियम, 1872 चं कलम 25 बघा. मोबदल्याशिवाय केलेला करार रद्दबातल, असं म्हणून लगेच 'अनलेस' येतो आणि त्यामागून अपवाद. जवळच्या नात्यात मायेपोटी दिलेलं लेखी, नोंदणीकृत वचन त्यामुळेच टिकतं. मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं लेखी, सही केलेलं वचनही.

आमच्याकडे कागद देताना तुमच्या मनातलं मराठी वाक्य समासात लिहून द्या, मोडकंतोडकं चालेल. 'अनलेस'च्या प्रत्येक ओळीवर आम्ही पेन्सिलीची खूण करतो आणि फोन करून एवढंच विचारतो, 'काय झालं तर पैसे द्यायचे?' या फोनचे वेगळे पैसे लावत नाही.