गोल्फ-स्विंग प्रशिक्षण

गोल्फमध्ये क्लबने चेंडू मारताना शरीराची जी एकसलग हालचाल होते तिला ‘स्विंग’ म्हणतात. ती शिकविण्याच्या पद्धती आणि ती शिकविणारे व्यावसायिक यांचा विचार या नोंदीत केला आहे. क्रिकेटमधील स्विंग म्हणजे चेंडूचे हवेत वळणे. तो अर्थ येथे अभिप्रेत नाही. ‘क्लब’ हा शब्दही काठी आणि संस्था अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. पुढे काठीला ‘क्लब’ आणि संस्थेला ‘गोल्फ क्लब’ म्हटले आहे. मैदान, गुणमोजणी व स्पर्धाप्रकार यांसाठी ‘गोल्फ’ ही नोंद पहावी.

स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ मध्ये गोल्फवर बंदी घातली होती, म्हणजे तोवर हा खेळ तेथे चांगलाच रुजला असला पाहिजे. मात्र चेंडू कसा मारावा याविषयी लिहिलेला मजकूर त्यानंतर सुमारे सव्वादोनशे वर्षांनी आढळतो. एडिंबरोतील वैद्यकाचा विद्यार्थी टॉमस किंकेड याची १६८७-८८ ची रोजनिशी ही या विषयातील सर्वांत जुनी ज्ञात नोंद मानतात. जेवणानंतर मित्रासह गोल्फ खेळायला गेल्याचे तो लिहितो आणि खेळून आल्यावर आपल्याला काय उमगले तेही टिपून ठेवतो. तलवारबाजीत उभे राहावे तसे उभे राहायचे, गुडघे किंचित वाकवायचे, पाय, पाठ व बाहू यांचे स्नायू ताठ ठेवायचे आणि फटका खाली येताना ते सैल पडू द्यायचे नाहीत, असे त्याचे म्हणणे आहे. हातांची हालचाल अंग वळविण्यातून व्हावी, असेही तो नोंदवितो. हे नियम लक्षात राहावेत म्हणून त्याने ते पद्यातही बांधले होते.

या रोजनिशीच्या कालनिश्चितीबाबत एक खुलासा आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये त्या काळी नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्या रीतीने मोजल्यास किंकेडच्या जानेवारीतील नोंदी एक वर्ष पुढे, १६८८ मध्ये, ढकलाव्या लागतील. परंतु स्कॉटलंडने १६०० पासूनच १ जानेवारी हा वर्षारंभ स्वीकारला होता (कॅलेंडर मात्र जुने, जूलियनच राहिले). त्यामुळे एडिंबरोत लिहिलेला ‘जानेवारी १६८७’ तसाच घेणे योग्य ठरते. आशयाविषयी मतभेद आहेत. ताठ स्नायूंचा आग्रह आज कोणी धरणार नाही. पण अंग वळविण्याची सूचना आधुनिक वाटते, आणि म्हणून काही लेखक किंकेडला आजच्या पद्धतीचा आद्य प्रवर्तक ठरवितात. हे जरा जास्तच होते. तो स्वतःसाठी लिहीत होता, त्याच्यापासून कोणतीही परंपरा सुरू झाली नाही, आणि नंतरच्या शिक्षकांना त्याची रोजनिशी ठाऊक असण्याचे कारण दिसत नाही.

छापील मार्गदर्शन आणखी उशिरा आले. एच. बी. फार्नी यांनी टोपणनावाने लिहिलेले १८५७ चे पुस्तक हे केवळ गोल्फ शिकविण्यासाठी निघालेले पहिले पुस्तक समजले जाते. तोवर शिकणे म्हणजे पाहणे होते. व्यावसायिक हा मुळात कारागीर असे : तो चेंडू बनवी, क्लबच्या दांड्या तासून जुळवी, मैदानाची निगा राखी, श्रीमंत सभासदाचे क्लब उचलून त्याच्याबरोबर फिरे आणि मागितल्यास सल्लाही देई. सेंट अँड्र्यूजचे अ‍ॅलन रॉबर्टसन (१८१५–५९) यांना पहिले गोल्फ-व्यावसायिक म्हणण्याचा प्रघात आहे. कातड्यात पिसे ठासून बनविलेल्या चेंडूंवर त्यांचा चरितार्थ चाले. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचे (झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या रबरासारख्या द्रव्याचे) स्वस्त चेंडू आले, तेव्हा त्यांचे सहकारी टॉम मॉरिस (१८२१–१९०८) यांच्याशी त्यांचे याच कारणावरून बिनसले आणि मॉरिस १८५१ मध्ये प्रेस्टविकला गेले. शिकविण्याची मिळकत त्या काळी दुय्यम होती. ब्रिटनमध्ये व्यावसायिकांची संघटना १९०१ मध्ये व अमेरिकेत १९१६ मध्ये स्थापन झाली. तरीही गोल्फ क्लबच्या मुख्य इमारतीत व्यावसायिकाला सहसा प्रवेश नसे; टोलीडो येथील इन्व्हर्नेस क्लबने १९२० च्या अमेरिकन ओपनच्या वेळी आपले दार त्यांना उघडले, ही घटना म्हणूनच वारंवार सांगितली जाते.

पकडीचा वाद : उजव्या हाताने खेळणाऱ्याने उजवी करंगळी डाव्या तर्जनीवर, किंवा डावी तर्जनी व मधले बोट यांमधील खाचेवर टेकवून दोन्ही हात एकजीव करणे, हिला ‘व्हार्डन पकड’ म्हणतात. जर्सी बेटावर जन्मलेले हॅरी व्हार्डन (१८७०–१९३७) यांनी ब्रिटनची ओपन स्पर्धा (पुढे नुसते ‘ओपन’) सहा वेळा जिंकली (१८९६, १८९८, १८९९, १९०३, १९११, १९१४). हा विक्रम अद्याप अबाधित आहे. १९०५ च्या आपल्या पुस्तकात ही पकड आपण स्वतः शोधली असून ठाऊक असलेल्या इतर सर्व पकडी पारखून मगच ती स्वीकारली, असे त्यांनी लिहिले. तथापि स्कॉटलंडचे हौशी खेळाडू जॉनी लेडले (१८६०–१९४०) व्हार्डन प्रसिद्धीस येण्यापूर्वीच अशी पकड वापरीत होते आणि त्यांनी ब्रिटिश हौशी अजिंक्यपद १८८९ व १८९१ मध्ये मिळविले होते. जे. एच. टेलर यांचीही पकड याच धर्तीची होती. अग्रक्रम लेडले यांचा, यात फारशी शंका नाही. व्हार्डन यांनी ती त्यांच्याकडून उचलली असे म्हणण्यास मात्र आधार नाही. दोघे स्वतंत्रपणे तिच्यापर्यंत पोहोचले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पूर्वीच्या क्लबची मूठ जाड कातड्याची असे व ती तळव्यात आवळून धरावी लागे. मूठ बारीक झाल्यावर बोटांनी पकडणे शक्य झाले, आणि बोटांनी पकडू लागल्यावर हात एकमेकांत गुंतविण्याची कल्पना एकाहून अधिक जणांना सुचणे स्वाभाविक होते. नाव व्हार्डन यांचे राहिले याचे कारण त्यांचे विजय, त्यांचे पुस्तक आणि १९०० चा त्यांचा अमेरिका दौरा, ज्यात त्यांनी अमेरिकन ओपनही जिंकली. करंगळी व तर्जनी एकमेकींत अडकविण्याची पर्यायी पकड जॅक निकलॉस व टायगर वुड्स यांनी वापरली. दहाही बोटे मुठीवर ठेवण्याची तिसरी पद्धत नवशिक्यांना सोपी जाते.

हिकरी लाकडाची दांडी स्विंगमध्ये पिळवटते. चेंडूला लागण्याच्या क्षणी क्लबचे तोंड (चेंडूला लागणारी सपाट बाजू) सरळ यावे म्हणून खेळाडूला मनगटे उघडून पुन्हा मिटावी लागत, आणि जुनी शिकवण बरीचशी या कसरतीभोवती फिरे. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने १९२९ मध्ये पोलादी दांडीला मान्यता दिली. पोलाद फारसे पिळवटत नसल्याने मनगटांचे काम कमी झाले आणि शिक्षकांचे लक्ष खांदे, कंबर व पाय यांकडे वळले. जुन्या पुस्तकांतील सूचना आजच्या क्लबला का लागू पडत नाहीत, याचे उत्तर बहुतेक वेळा दांडीत असते.

याच संधिकाळात अर्नेस्ट जोन्स (१८८७–१९६५) यांचे काम येते. पहिल्या महायुद्धात १९१६ साली या इंग्लिश व्यावसायिकाचा उजवा पाय गुडघ्याखाली तोडावा लागला. बरे होत असताना एका पायावर तोल सांभाळून त्यांनी ८३ फटक्यांत फेरी पूर्ण केली, असे सांगतात. पाय, कंबर, वजन पेलणे यांविषयी शिकविले जाणारे सगळे जर अत्यावश्यक असेल तर हे शक्य कसे झाले, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. पुढे न्यूयॉर्कमध्ये बंद खोलीत शिकविताना ते रुमालाच्या टोकाला खिशातला चाकू बांधून तो झुलवीत. रुमाल ताणलेला राही तोवर चाकू सुरेख कंसात फिरे. हाताने ढकलायला जावे तर रुमाल मधेच मोडून चाकू लोंबकळे. क्लबचे डोके झुलवा, बाकीचे अवयव मागाहून येतील, एवढेच त्यांचे सांगणे होते. अवयवांची सूची करून शिकविणारे आणि एका प्रतिमेवर शिकविणारे असे दोन पंथ तेव्हापासून ठळक झाले. त्यांचे भांडण आजही संपलेले नाही.

अनुकरणाची परंपरा या सगळ्यात टिकून राहिली. अमेरिकेचे हौशी खेळाडू बॉबी जोन्स यांनी लहानपणी अटलांटा येथील ईस्ट लेकच्या मैदानावर कार्नूस्टीहून आलेले व्यावसायिक स्ट्यूअर्ट मेडन यांच्यामागे हिंडून त्यांचा स्विंग जसाच्या तसा उचलला. १९३० मध्ये हौशी खेळातून निवृत्त झाल्यावर त्यांनी वॉर्नर ब्रदर्ससाठी शिकवणीचे लघुपट केले आणि संथगतीतला स्विंग सामान्य प्रेक्षकाला पडद्यावर दिसला. बेन होगन यांची १९५७ ची लेखमाला व तिचेच पुस्तक चित्रकार अँथनी राव्हिएली यांच्या रेखाटनांमुळे लक्षात राहिले : चेंडूपासून खांद्यांवर तिरपी टेकलेली काचेची मोठी तावदानी, तिच्या भोकातून वर आलेले खेळाडूचे डोके, आणि हात वर नेताना त्या काचेला धक्का न लावण्याची अट. स्विंगची ‘पातळी’ ही कल्पना बहुतेकांच्या मनात या चित्रानेच ठसली. टेक्ससमधील ऑस्टिनचे हार्व्ही पेनिक (१९०४–९५) याच्या अगदी उलट टोकाला होते. ते थोडके बोलत आणि प्रत्येक शिष्याला वेगळे सांगत. त्यांचे शिष्य बेन क्रेनशॉ त्यांच्या अंत्यविधीहून परतून त्याच आठवड्यात, एप्रिल १९९५ मध्ये, मास्टर्स स्पर्धा जिंकले.

चेंडूच्या उड्डाणाचा प्रश्न : क्लब व चेंडू यांचा संपर्क सुमारे अर्धा मिलीसेकंद टिकतो. तो ना खेळाडूला दिसतो ना शिक्षकाला. दोघेही त्याच्या आधीचे व नंतरचे पाहून अंदाज बांधतात. या अदृश्य क्षणाविषयी अनेक दशके शिकविला गेलेला नियम असा : चेंडू क्लबच्या मार्गाच्या दिशेने निघतो आणि क्लबचे तोंड जिकडे वळलेले असेल तिकडे मागाहून वळतो. प्रत्यक्षात चेंडूची सुरुवातीची दिशा मुख्यतः तोंडावर अवलंबून असते (हा वाटा साधारण ७५ ते ८५ टक्के धरतात, ड्रायव्हर म्हणजे लांब फटक्याच्या क्लबमध्ये जास्त, लोखंडी क्लबमध्ये कमी), आणि वळण ठरते ते तोंड व मार्ग यांतील कोनावरून. चेंडू क्लबच्या मध्यावर लागला तरच हे हिशेब जुळतात.

फरक किती पडतो, ते पाहू. निशाण आणि खेळाडू यांच्यामध्ये झाड आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याला चेंडू झाडाच्या उजवीकडून काढून डावीकडे वळवायचा आहे. जुना नियम सांगतो : क्लबचे तोंड निशाणाकडे ठेवा आणि झाडाच्या उजवीकडे फिरवा. परंतु निशाण झाडाच्या नेमके मागे असल्याने तोंड झाडाकडेच असते. चेंडू त्याच रोखाने निघतो आणि खोडावर आदळतो. चांगले खेळाडू मग काय करीत होते? ते नियम पाठ म्हणत आणि हाताने वेगळेच करीत, असे दिसते. ब्रिटनमध्ये अ‍ॅलिस्टर कॉक्रन व जॉन स्टॉब्ज यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या शास्त्रीय अभ्यासातून योग्य दिशा सूचित झाली होती, तरी शिकवणीच्या वर्गात ती झिरपली नाही. २००३ मध्ये डेन्मार्कमध्ये स्थापन झालेल्या ट्रॅकमन कंपनीची रडारयंत्रे सरावाच्या मैदानावर आली, आकडे समोर दिसू लागले, तेव्हा जुना नियम मागे पडला. फटक्याच्या वळणावरून निदान करणारे जॉन जेकब्ज (१९२५–२०१७) यांचा येथे आवर्जून उल्लेख केला पाहिजे. विद्यार्थ्याचा स्विंग पाहण्याआधी त्याचा चेंडू पहावा, हा त्यांचा दंडक यंत्रांच्या काळातही टिकला आहे.

अव्वल खेळाडूचा खासगी प्रशिक्षक ही संस्था तुलनेने नवी आहे. जॅक ग्राउट व निकलॉस यांचे नाते १९५० पासूनचे असले, तरी प्रशिक्षकाला स्वतःचे वलय मिळाले ते १९८० नंतर. निक फाल्डो यांनी १९८५ मध्ये डेव्हिड लेडबेटर यांच्याकडे आपला स्विंग मुळापासून बदलायला घेतला. मधली दोन वर्षे निकाल ढासळले. १९८७ मध्ये म्यूअरफील्डला शेवटच्या फेरीत अठराही खळग्यांवर ‘पार’ (त्या खळग्यासाठी ठरवून दिलेल्या संख्येइतकेच फटके) करून त्यांनी ओपन जिंकली, आणि स्विंगची पुनर्बांधणी हा शब्दप्रयोग रूढ झाला. टायगर वुड्स यांनी बुच हार्मन, हँक हेनी, शॉन फोली असे प्रशिक्षक क्रमाने बदलले. याउलट बब्बा वॉटसन (मास्टर्स, २०१२ व २०१४) यांनी कधीच शिकवणी घेतली नाही.

डाउनस्विंग, म्हणजे वर नेलेला क्लब चेंडूवर खाली आणण्याची हालचाल, साधारण पाव सेकंदात संपतो. एवढ्या वेळात ठरवून दुरुस्ती करणे जवळजवळ अशक्य, म्हणून सूचना आधी रुजलेली असावी लागते. ती कशी द्यावी याबाबत गाब्रिएले वुल्फ व सहकाऱ्यांचा १९९९ चा प्रयोग महत्त्वाचा आहे : नवशिक्यांपैकी ज्यांना क्लबच्या झोक्याकडे लक्ष द्यायला सांगितले त्यांचे छोटे फटके, हातांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा अधिक अचूक निघाले. अर्नेस्ट जोन्स यांचा रुमाल येथे आठवतो, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

स्त्री-प्रशिक्षकांविषयीची माहिती त्रोटक आहे. अमेरिकेतील महिला व्यावसायिकांच्या संघटनेने (स्थापना १९५०) १९५९ मध्ये शिक्षकांचा स्वतंत्र विभाग काढला. पेगी कर्क बेल या नॉर्थ कॅरोलायनातील पाइन नीडल्स येथे दीर्घकाळ शिकवीत होत्या.

मोबदला घेऊन स्विंग शिकविणाऱ्याचा हौशी दर्जा, ठराविक अपवाद वगळता, जातो. स्पर्धेची फेरी सुरू झाल्यावर खेळाडूला फक्त आपल्या कॅडीचा (क्लबची पिशवी वाहणाऱ्या सहायकाचा), व जोडीने खेळत असल्यास जोडीदाराचा व त्याच्या कॅडीचा, सल्ला घेता येतो. प्रशिक्षकाला प्रेक्षकांत उभे राहून पाहता येते, बोलता येत नाही. मात्र प्रशिक्षकाने स्वतःच कॅडी म्हणून पिशवी उचलली तर नियमांची आडकाठी नाही.